ॲटवॉटर यांच्या यशातील माध्यमांचा वाटा

मा. संपादक,

महोदय,

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचे निवडणूक सल्लागार ली ॲटवॉटर यांच्या कारकिर्दीवर आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. २९ मार्च १९९१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मेंदूतील गाठीने त्यांचे निधन झाले आणि त्याआधी त्यांनी जुन्या प्रतिस्पर्ध्यांची माफी मागितली, हा भाग लेखात मनाला भिडेल असा उतरला आहे. मात्र सारी कारकीर्द ‘पश्चात्तापदग्ध चाणक्य’ या दोन शब्दांत बसवताना एक बाजू पूर्णपणे सुटली, आणि ती एका वृत्तपत्राकडून सुटावी याचे मला मनापासून वाईट वाटले. ॲटवॉटर यांचे गाजलेले डाव मतदारांपर्यंत पोहोचले त्यात वार्ताहरांचा वाटा फार मोठा होता.

१९८० मध्ये साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन खासदार फ्लॉइड स्पेन्स यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचे टॉम टर्निपसीड उभे होते. किशोरवयात नैराश्यावर उपचार म्हणून त्यांना विजेचे झटके देण्यात आले होते. ॲटवॉटर यांनी पेरलेल्या माणसाने पत्रकारांच्या घोळक्यात वार्ताहर बनून या उपचारांचा विषय काढला; पुढे खऱ्या वार्ताहरांशी खासगीत बोलताना ॲटवॉटर यांनी, या गृहस्थांना बंद पडलेल्या मोटारीप्रमाणे बॅटरीच्या तारा जोडल्या होत्या, असे सांगून टाकले. बोलणे खासगी होते, तरी ते षट्कर्णी झाले. एका मुलाचे दुखणे असे चघळले गेले आणि टर्निपसीड निवडणूक हरले.

दुसऱ्याच वर्षी, रेगन यांच्या प्रशासनात काम करत असताना, दक्षिणेत वंशद्वेषाची उघड भाषा टाळून करकपातीसारख्या सभ्य शब्दांतून तोच परिणाम कसा साधता येतो, हे त्यांनी एका अभ्यासकाला मुलाखतीत समजावून दिले. ती विधाने आधी त्यांच्या नावाविना प्रसिद्ध झाली. बोलणारा कोण होता हे उघड झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

लेखात अवघी दोन वाक्ये ज्या प्रकरणाला मिळाली, ते १९८८ चे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या त्या उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस एका जनमत चाचणीत रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्या १७ टक्के पुढे होते आणि ॲटवॉटर बुश यांच्या प्रचाराचे व्यवस्थापक होते. मॅसॅच्युसेट्समध्ये खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा विल्यम हॉर्टन १९८६ मध्ये संचित रजेवर सुटून फरार झाला होता आणि पुढच्या वर्षी मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्यावर भीषण अत्याचार केले होते. अशा कैद्याला रजा मिळतेच कशी, हा प्रश्न रास्त होता. मॅसॅच्युसेट्समधील ‘लॉरेन्स ईगल-ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने तो चिकाटीने लावून धरला आणि त्या वार्तांकनाला पुलित्झर पुरस्कारही मिळाला. रजेची ही योजना १९७२ मध्ये फ्रान्सिस सार्जंट या रिपब्लिकन गव्हर्नरांच्या काळात सुरू झाली होती, आणि खुनाच्या कैद्यांना तीतून वगळणारे विधेयक १९७६ मध्ये डुकाकिस यांनी नकाराधिकार वापरून रोखले होते. मतदाराने दोन्ही गोष्टी तोलून निर्णय घ्यावा, एवढे साहित्य समोर होते.

मतदाराच्या वाट्याला मात्र एक छायाचित्र आले. पोलिसांनी टिपलेला, दाढी वाढलेला एक कृष्णवर्णीय चेहरा, त्याखाली पडद्यावर उमटणारे ‘अपहरण’, ‘भोसकणे’, ‘बलात्कार’ असे सुटे शब्द आणि ‘विल्यम’चे केलेले ‘विली’. ही जाहिरात प्रचारयंत्रणेबाहेरच्या एका गटाने काढली होती, त्यामुळे ‘आमचा संबंध नाही’ असे म्हणायला बुश यांचे सल्लागार मोकळे राहिले. ती केबल वाहिन्यांवर थोडेच दिवस चालली. ज्यांच्याकडे केबल नव्हते त्या घरांत ती नेली केबलविना दिसणाऱ्या वाहिन्यांच्या बातम्यांनी. जाहिरात योग्य की अयोग्य यावर चर्चा करण्यासाठी त्यांनी ती पुन्हा पुन्हा दाखवली, आणि तीही फुकट. बुश ४० राज्यांत जिंकले. त्यामागे इतरही कारणे होती हे मी मान्य करतो, पण त्या चेहऱ्याचा प्रवास कोणाच्या खांद्यावरून झाला हे त्यामुळे बदलत नाही.

माफीबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे. टर्निपसीड यांना पाठवलेले पत्र मला प्रामाणिक वाटते. मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसाच्या शब्दांवर मी संशय घेणार नाही. ‘लाइफ’ मासिकात डुकाकिस यांची माफी मागताना मात्र त्यांनी आपल्या दोन जुन्या विधानांचा उल्लेख केला. डुकाकिस यांची साल सोलून काढीन, हे पहिले. त्याबद्दल, त्यातल्या क्रौर्यासाठी, खेद व्यक्त केला. हॉर्टनला डुकाकिस यांचा उपाध्यक्षपदाचा साथीदार करून सोडीन, हे दुसरे. त्याबद्दलचा खेद, आपण वंशद्वेष्टे नसताना तसे वाटतो यासाठी होता. ज्या समाजाचा चेहरा भीतीसाठी वापरला गेला त्याचे दुःख या दुसऱ्या वाक्यात कुठेच नाही. आपल्या लेखाने दोन्ही वाक्ये एकाच मापाने मोजली आहेत.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आपल्या लेखासोबतच छापलेले आहे. तीन दशकांनंतरही आपण वाचकांसमोर हॉर्टनचे तेच छायाचित्र ठेवले, चार स्तंभांत, आणि खाली नाव दिले ‘विली’. निदान संकेतस्थळावरील आवृत्तीतून ते काढून त्या जागी १९७२ आणि १९७६ ची वस्तुस्थिती द्यावी आणि त्याचे खरे नाव लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक