हरळीच्या हिरवळीला खत मुठीने नको, मोजून हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरवळ पिवळी पडली की काय करावे, असे कुणालाही विचारा. 'मूठभर युरिया फेका आणि पाणी मारा' हेच उत्तर मिळते. बागकामाच्या सदरांतही याहून फारसे वेगळे वाचायला मिळत नाही. या एका सल्ल्याने जेवढी हरळीची लॉन्स जळाली आहेत, तेवढी उन्हानेही जळाली नसतील. शेतात उपटून उपटून न निघणारे हे गवत अंगणात लावल्यावर ठिगळाठिगळाने का उगवते, हे वाचकांना नीट सांगायला हवे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मूठ हे माप नव्हे. कुणाची मूठ ३० ग्रॅमची, कुणाची ६० ग्रॅमची. हरळीला एका वेळी प्रति चौरस मीटर जास्तीत जास्त ५ ग्रॅम नत्र (नायट्रोजन) द्यावे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ५ ग्रॅम नत्रासाठी युरिया लागतो साधारण ११ ग्रॅम. ५० ग्रॅमची एक मूठ एका चौरस मीटरवर पडली की तिथे २३ ग्रॅम नत्र गेले. घरगुती हिरवळीच्या वर्षभराच्या गरजेपेक्षाही ते जास्त ठरू शकते. आणि मूठ कधी सारखी पसरत नाही. एका जागी तिप्पट पडते, शेजारी काहीच नाही. आठवड्याने तिथे गडद हिरवे पट्टे आणि करपलेली वर्तुळे शेजारी शेजारी दिसतात, ती याचमुळे.

हिशेब सोपा आहे. हवे असलेले नत्र ग्रॅममध्ये घ्या, पोत्यावरच्या टक्केवारीने भागा, शंभराने गुणा. १०० चौरस मीटरला ५०० ग्रॅम नत्र द्यायचे तर युरिया १.१ किलो, अमोनियम सल्फेट सुमारे २.४ किलो, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेले मिश्र खत) घेतले तर २.६ किलो. ही मात्रा तराजूवर मोजून तिचे दोन सारखे भाग करावेत; अर्धी उत्तर-दक्षिण चालत आणि अर्धी पूर्व-पश्चिम चालत टाकावी. युरियाचे दाणे थोडे असल्याने हात चुकतो, म्हणून त्यात दुप्पट-तिप्पट कोरडी वाळू मिसळावी. पाती कोरडी असताना टाकावे आणि लगेच पाणी द्यावे. ओल्या पात्यावर दाणा चिकटला की तिथले पाते करपते. उलट पाणी न देता युरिया जमिनीवर तसाच पडून राहिला, तर त्यातले नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. ऊन कडक आणि माती विम्लधर्मी असली तर हे नुकसान फार मोठे असते. खत टाकल्यावर चार ते सहा मिलिमीटर पाणी पुरते. धो धो पाणी सोडले तर नत्र मुळांच्या खाली निघून जाते.

हे झाले वाढलेल्या गवताचे. नवी हिरवळ लावताना मात्र खताचा क्रम वेगळा आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

हरळी उष्ण हवामानाचे गवत आहे. मातीचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या वर स्थिर झाल्याशिवाय बी टाकू नये. २५ अंशांच्या पुढे ते खरे जोमाने उगवते. थंड मातीत बी नुसते पडून राहते, तेवढ्यात तण पुढे निघून जाते. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन नसेल, तर त्या जागी हरळी लावूच नये. झाडाखाली ती विरळ होत जाते, आणि ती दाट व्हावी म्हणून लोक आणखी नत्र देतात. सावलीत नत्र दिले की पाती लांब, फिकी आणि लुसलुशीत होतात, मुळे तेवढीच राहतात, आणि शेवटी गवत मरते. सावलीला खत हे उत्तर नाही.

जमीन १० ते १५ सेंटीमीटर खोल खणून भुसभुशीत करावी, दगड व मुळ्या वेचाव्यात, आणि भिंतीपासून बाहेर एक ते दोन टक्के उतार ठेवावा, म्हणजे दर मीटरला एक ते दोन सेंटीमीटर. जागेत आधीचीच गावठी हरळी असेल आणि तुम्हाला संकरित वाण लावायचे असेल, तर आधी खणू नका. खणल्याने जमिनीतल्या खोडांचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेर फुटते. आधी ती वाढीला लागू द्यावी, मग मुळापर्यंत जाणारे तणनाशक मारावे, आठ-दहा दिवस थांबावे, पुन्हा पाणी देऊन जे फुटेल त्यावर दुसरा हात द्यावा. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खणूनच वेचाव्या लागतात. हिरवळ बसल्यावर तो काढणे फार जिकिरीचे. तयार जमिनीला पाणी देऊन दोन-तीन आठवडे तसेच ठेवले, तर वरचे तणाचे बी उगवते, ते वरवर खरडून टाकता येते. या थांबण्याचा लोकांना कंटाळा येतो, पण पुढच्या खुरपणीचे कष्ट यानेच वाचतात. पेरणीच्या वेळी पेंडिमेथॅलिनसारखे उगवणपूर्व तणनाशक वापरू नका. ते हरळीच्या बियाची मुळेही धरू देत नाही.

माती परीक्षण आधी करून घ्यावे. सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, pH) ६ ते ७ असला की उत्तम. आम्ल माती चुन्याने सुधारते, पण चुना अहवालात लिहिला असेल तेवढाच. शेणखत किंवा कंपोस्ट अडीच सेंटीमीटर थराचे, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, मातीत मिसळावे. ते पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते आणि ते कुजताना कोवळ्या मुळांना अपाय होतो.

स्फुरद (फॉस्फरस) देण्याची खरी वेळ हीच. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. जिथे पडले तिथेच बसते. नव्या रोपाची मुळे इंच-दीड इंचाची, ती खताकडे जाऊ शकत नाहीत, म्हणून खत मुळांच्या वाटेवर आधीच असावे लागते. परीक्षणात स्फुरद कमी निघाले, तर १०० चौरस मीटरला सुमारे ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या १० सेंटीमीटरमध्ये मिसळावे. पालाश (पोटॅश) कमी असेल तर अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश त्याच्यासोबत. स्फुरद भरपूर असेल तर एक दाणाही टाकू नका. जास्तीच्या स्फुरदाने लोह आणि जस्त अडते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते नाल्यात जाते. पेरणीआधी नत्र फार नको. ज्याला मुळेच नाहीत, त्याला खाऊ घालण्यात अर्थ नाही. ते नत्र तणाच्या वाट्याला जाते.

बी दोन प्रकारचे मिळते, टरफल काढलेले आणि टरफलासकट. पहिले एक ते दोन आठवड्यांत उगवते, दुसऱ्याला त्याहून वेळ लागतो. टरफल काढलेले बी १०० चौरस मीटरला अर्धा ते एक किलो पुरे. बी अतिशय बारीक असते, म्हणून चौपट वाळूत मिसळून दोन दिशांनी फेकावे, दंताळ्याने हलकेच हलवावे आणि रोलर फिरवावा. तीन ते सहा मिलिमीटरपेक्षा खोल गेलेल्या बियात वर येण्याइतका जीव नसतो. पहिले दोन आठवडे वरचा एक सेंटीमीटर सतत ओलसर राहिला पाहिजे. त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा हलका फवारा. एकदाच भरपूर पाणी दिले तर बी वाहून सखल जागी गोळा होते, आणि चिकण मातीवर पापडी धरते.

टिफवेसारख्या संकरित वाणांचे बी मिळत नाही, कारण ती वांझ असतात. कुणी 'टिफवेचे बी' म्हणून विकत असेल तर ते घेऊ नये. ही वाणे गादीने (मातीसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्यांनी) किंवा ठोंबांनी (खोडाच्या तुकड्यांनी) लावावी लागतात. ठोंबाला दोन-तीन पेरे हवीत, अंतर १० ते १५ सेंटीमीटर, आणि टोकाचा चौथा हिस्सा मातीच्या वर. उपटलेले ठोंब ओल्या गोणपाटात सावलीत ठेवावेत आणि त्याच दिवशी लावावेत. उन्हात तासभर उघडे राहिलेले ठोंब हिरवे दिसले तरी त्यातले बरेचसे मेलेले असतात.

पहिले नत्र रोपे उगवून तीन-चार आठवडे झाल्यावर, पहिल्या कापणीच्या सुमाराला द्यावे आणि तेही निम्मेच: २.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे १०० चौरस मीटरला साधारण ५५० ग्रॅम युरिया. मग जमीन झाकली जाईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तेवढेच. धावती खोडे याच काळात पसरतात आणि याच काळात त्यांना भूक असते. पाते चार-पाच सेंटीमीटरचे झाले की पहिली कापणी करावी. 'अजून नाजूक आहे' म्हणून कापणी लांबवणे ही चूक आहे. वरचा शेंडा कापला की उजेड खाली पोचतो आणि बाजूचे फुटवे निघतात. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त उंची मात्र कापू नये, नाहीतर खालच्या तपकिरी काड्याच उघड्या पडतात.

बसलेल्या साध्या हरळीला वर्षाला एकूण १० ते २० ग्रॅम नत्र पुरते, संकरित वाणाला २० ते ३० ग्रॅम, तेही वाढीच्या महिन्यांतच. वाळूच्या जमिनीत मात्रा निम्मी आणि दुप्पट वेळा. कापलेले बारीक गवत तिथेच पडू दिले, तर नत्राची चौथ्या हिश्शापर्यंत गरज त्यातून भागते. थंडी पडून माती १०-१२ अंशांवर आली की हरळी तपकिरी होऊन झोपी जाते. तो रोग नव्हे. ती हिरवी करण्यासाठी तेव्हा नत्र देणे वाया जाते. जिथे दहिवर गोठते तिथे त्याआधी सहा आठवडे नत्र थांबवावे, कारण उशिराच्या नत्राने फुटलेले कोवळे कोंब थंडीत सर्वात आधी मरतात.

आता पिवळेपणाकडे. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील, वाढ मंद असेल आणि बोटांसारखे तुरे भरपूर येत असतील, तर नत्र कमी आहे. नवी पाती पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी आहे. सामू जास्त असलेल्या जमिनीत हे नेहमी दिसते आणि युरियाने ते बरे होत नाही. १०० चौरस मीटरला ६० ग्रॅम फेरस सल्फेट १५ लिटर पाण्यात विरघळवून सकाळी फवारावे. फरशीवर उडाले तर ताबडतोब धुवावे, नाहीतर गंजाचे डाग जात नाहीत. पाय ठेवल्यावर हिरवळ गादीसारखी दबत असेल, तर खोडांचा वाळका थर सव्वा सेंटीमीटरच्या पुढे गेला आहे. त्यात पाणीही अडते आणि खतही. तो जादा नत्राचा आणि रोजच्या हलक्या पाण्याचा परिणाम. अशा वेळी खत बंद करून, ऐन वाढीच्या काळात उभे काप देऊन थर काढावा, जमिनीला सात-आठ सेंटीमीटर खोल भोके पाडावीत आणि चाळलेली माती-वाळू पाच मिलिमीटर पसरावी.

आपल्या बागकाम सदरात खताचा सल्ला छापताना 'चौरस मीटरला इतके ग्रॅम नत्र' असे लिहावे आणि शेजारी कोणत्या खतातून ते किती ग्रॅम होते तेही द्यावे, ही विनंती. वाचक तराजू वापरायला तयार असतात. त्यांना आकडा मिळत नाही.

आपले,
हिरवळीची कामे करणारे काही वाचक