ही लाज त्यांना शिकवली कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), ऑटिझम असलेल्या मुलांवरचा लेख वाचला. मुलांनी स्वतःकडे मायेनं पाहावं आणि पालकांनी ते घरी शिकवावं, हे पटलं. पण अख्ख्या लेखात शाळेबद्दल एक ओळ नाही, याचा राग आला म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलालाही डिस्लेक्सिया आहे. तो पाचवीत असताना बाईंनी त्याची शुद्धलेखनाची वही वर्गासमोर वाचून दाखवली. 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात'. वर्ग हसला. तेव्हापासून लाल शेऱ्यांची पानं तो फाडून लपवू लागला. मे महिन्यात गाद्या उन्हात टाकताना मला अशी सतरा पानं सापडली. एका पानामागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मी ढ आहे'. त्यात एकही चूक नव्हती.

शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, "लक्ष दिलं की येतं हो, आळस आहे." परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र नेलं, तेव्हा त्याच्यादेखत विचारलं, "सवलतीवर किती दिवस ढकलणार?" महाराष्ट्रात दहावीला अशा सवलती १९९६ पासून आहेत. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. मुलाचा मानसिक छळ करायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलेलं आहे. तरी पुढच्या दोन चाचण्यांत माझ्या मुलानं हक्काचा वेळ घेतलाच नाही. लाज वाटते म्हणाला.

विशेष शिक्षिकेनं त्याला उपदेश केला नाही. तो शेजारच्या चिमुरडीला सायकल शिकवत होता. ती पडली की काय म्हणतोस, एवढंच त्यांनी विचारलं. "पडलीस तर पडलीस, मी धरतो, परत बस." आता वाचताना अडला की तो स्वतःशी पुटपुटतो, "पडलास तर पडलास, परत बस." रोज जमत नाही. पण दिवाळीपासून गादीखाली एकही पान सापडलेलं नाही.

आणखी एक. तुमच्या बालपुरवणीत शब्दकोडं जांभळ्या चित्रावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापता. त्याला कोडी फार आवडतात, पण दोन ओळींत थकतो आणि मला वाचून दाखवायला सांगतो. साध्या कागदावर काळी, ठळक, सुटी अक्षरं छापा. तो स्वतः वाचेल.

कृपया नाव छापू नये, शाळेत तो ओळखला जाईल.

– एक आई, सातारा