फीड जिल्हावार द्या, आणि वेळ बरोबर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घाट बंद’ फिरू लागते. तो कुंभार्ली की आंबा, आजचा की तीन वर्षांपूर्वीचा, काही कळत नाही. फीड म्हणजे संकेतस्थळाने ॲपसाठी दिलेली आपल्या नव्या बातम्यांची यादी. अशी फीड एकत्र दाखवणाऱ्या फीड रीडर ॲपमध्ये प्रत्येक बातमीसोबत ती कुठल्या संकेतस्थळावरची आणि कधीची हे दिसते, ताजी बातमी वर येते आणि ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून मध्ये कोणी काही घुसडत नाही. फीडचे हे तंत्र, ‘आरएसएस’ नावाचे, १९९९ पासूनचे. गूगलने २०१३ मध्ये ‘गूगल रीडर’ हा आपला फीड रीडर बंद केला तेव्हा ते संपले असा समज झाला, तो चुकीचा.

अँड्रॉइडवर ‘फीडर’, आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’ ही ॲप फुकट आहेत. अधिकच्या चिन्हावर दाबून वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला की ॲप फीड शोधते. नाहीच सापडले तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहावे. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या बहुतेक साइटना ते चालते.

अनेक जण एवढे करून सोडून देतात, आणि मग ॲपला नावे ठेवतात. खाडीकाठच्या वाड्यांत रेंज नाक्यावर मिळते, घरात नाही. बऱ्याच फीडमध्ये मथळा आणि दोन ओळीच येतात, म्हणून घरी बातमी उघडली की पुढे काहीच नाही. ‘फीडर’मध्ये त्या फीडच्या सेटिंगला जाऊन पूर्ण लेख आणण्याचा पर्याय चालू केला, की नाक्यावर असतानाच सगळे उतरते आणि घरी नेटशिवाय वाचता येते. रिफ्रेश तासातून एकदा पुरे. मोबाइल डेटावर फोटो बंद ठेवावेत. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपवरचे बंधन काढायला विसरू नये. नाहीतर फोनच ॲपला झोपवतो आणि सकाळी कालच्याच बातम्या समोर येतात.

मात्र हे ॲप ठरावीक वेळाने जाऊन बातमी विचारून येते, बातमी आपणहून धावत येत नाही. त्यामुळे हवामान खात्याच्या रेड अलर्टसाठी त्याच्यावर विसंबू नये. त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप वेगळे ठेवावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडे वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. तशा वेळी सेलवरचा रेडिओच कामाचा.

आता आपल्याकडे मागणे. बरीच वृत्तपत्रे ‘कोकण’ नावाचे एकच फीड देतात. सरकारी कोकण विभागात मुंबईचे शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे, ठाणे, पालघर धरून सात जिल्हे येतात. त्या हिशेबाने बातम्या भरल्या की ठाण्याच्या महापालिकेखाली सावंतवाडी गाडली जाते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशी तीन फीड वेगळी करावीत.

दुसरे, वेळ. फीडमध्ये भारतीय वेळ लिहून तिला ग्रीनिचची म्हटले, की बातमी साडेपाच तास पुढची दिसते. सकाळी नऊची बातमी दुपारी अडीचची म्हणून यादीत सर्वांत वर बसून राहते आणि खरी ताजी खाली जाते. घाट सुरू झाल्याची बातमी अशी खाली गेली तर चिपळूणहून कराडला निघालेला माणूस उगाच वळसा घेतो.

तिसरे किरकोळ वाटेल, पण सर्वांत जास्त नडते. मथळ्यातले ‘अँड’चे इंग्रजी चिन्ह (&) फीडमध्ये नियमाप्रमाणे बदलून घातले नाही, तर काही ॲपमध्ये ते अख्खे फीड उघडेनासे होते. वाचकाला जुनेच मथळे दिसत राहतात आणि आज काही घडलेच नाही असे तो धरून चालतो. फीड तपासणारी साधने इंटरनेटवर मोफत आहेत. आपल्या तांत्रिक विभागाने निदान जून ते सप्टेंबर ती रोज सकाळी एकदा चालवावीत.

आपला,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)