तुझ्या बाबांचं नाव, पान अकरा

वाशी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, रात्री

प्रिय जना,

मघाशी तुझा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कट केला. फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, हे गेल्या आठ वर्षांत मला पाठ झालंय. म्हणून कागद घेऊन बसलो. सोबत एका पानाची झेरॉक्स आहे. ती पत्र संपल्यावर बघ. (तू आधीच बघणार, मला माहीत आहे. पिक्चरचा शेवटही तू इंटरव्हलच्या आत विचारून घ्यायचास.)

तब्येत ठीक. शुगरची गोळी चालू आहे. सुनंदाचा गुडघा दुखतो, पण चालती-फिरती आहे.

आमची मानसी आणि जावई विकास घर बघतायत. घणसोलीत भाड्याने राहतात, चार वर्षांत हे तिसरं घर. अकरा महिने झाले की मालकाचा फोन येतो, पुढच्या करारात एवढे वाढवा नाहीतर खाली करा. पिंकी आता शाळेत जायला लागली, सारखं सामान उचलून किती फिरणार? तर आज सकाळी त्यांनी मला सोबत नेलं. कुठे, सांग. उलव्याला.

आपण बेलापूरहून उरणची एसटी धरून गव्हाण फाट्यावर उतरायचो आणि तिथून चालत तुझ्या घरी. आता नेरुळहून लोकलने बामणडोंगरी, स्टेशनबाहेर पडलं की टॉवरच टॉवर. मला दिशाच कळेना. खाडी कुठल्या अंगाला, डोंगर कुठल्या अंगाला? मग आठवलं की डोंगर राहिलाच नाही, विमानतळासाठी फोडून सपाट केला. नदीसुद्धा वळवली. शेवटी गावदेवीचं देऊळ दिसलं. दोन सोसायट्यांच्या भिंतींमध्ये, पारासकट तसंच. तिथे उभं राहून मी डावा हात केला तेव्हा कुठे तुझं घर, तुझा बांध, सगळं जागेवर बसलं.

ज्या इमारतीत गेलो ती देवळापासून पाचशे पावलांवर. ऑफिसात आम्हाला एसीत बसवलं, थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या, काचेच्या पेटीतलं मॉडेल दाखवलं. मग चौदाव्या मजल्यावर सँपल फ्लॅट. दाखवणारा मुलगा चांगला होता, बोलायला नम्र. बाल्कनीत उभा राहून म्हणाला, "काका, दहा वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं." तेवढ्यात एक विमान उठलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. मी खाली बघत होतो. ओहोटीला खाजणात मांडीपर्यंत रुतून तू निवट्या पकडायचास आणि मला पिशवी धरून काठावर उभं करायचास, ती जागा साधारण त्यांच्या पोडियमच्या खाली येते. आईच्या हातचं निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. "जेवून जा रं" म्हणायच्या आणि आपण जेवूनच उठायचो. काहीच नव्हतं म्हणे.

रात्री घरी आल्यावर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, साइटवर प्रकल्पाची कागदपत्रं काढली. तुला माझी सवय माहीत आहे, कंपनीच्या स्टोअरमध्ये चलन वाचल्याशिवाय मी खिळासुद्धा आत घेतला नाही. वकिलाचा टायटल रिपोर्ट उघडला, जमीन कुणाची होती त्याचा. पान अकरा. मूळ पट्टेदार म्हणून तुझ्या बाबांचं नाव. पुढे कंसात मयत. खाली वारस: आई, तू, दोघी बहिणी. त्याखाली सिडको, तुम्ही आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार. वर्ष २००९.

जना, मी तासभर तसाच बसून होतो. सुनंदाने दोनदा जेवायला हाक मारली.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? मानसीला सांगितलं तर ती म्हणेल, बाबा, किती योगायोग! योगायोग नाही रे. ती साडेबाराची फाईल, म्हणजे घेतलेल्या शेतांच्या बदल्यात सिडको परत देते त्या साडेबारा टक्के जमिनीची, विकायला मी तुला सांगितलं होतं. २००८ ची दिवाळी, तुमच्या ओट्यावर. कंपनी बंद होऊन पाच वर्षं झालेली, व्हीआरएसचे पैसे संपत आलेले, धाकटीचं लग्न तोंडावर. वर अमेरिकेतल्या बँका बुडाल्या म्हणून बाजार आडवा, आणि बिल्डर म्हणत होता की आता घेतोय, पुढच्या महिन्यात घेईनच असं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "थोडं थांबूया की." मी त्यांना लग्नपत्रिकेच्या मागे गणित करून दाखवलं: नऊ टक्क्यांनी ठेव ठेवली तर आठ वर्षांत पैसे दुप्पट. विमानतळाला केंद्राने २००७ मध्येच होकार दिला होता, तरी मी म्हणालो, कागदावरचं विमान कुणी उडताना पाहिलंय? तू हसलास. वहिनी आत गेल्या.

माझं गणित गणित म्हणून बरोबर होतं, अजूनही तेच येतं. पण मी व्याजाचा हिशेब करत होतो आणि ती जमीन वेगळ्याच हिशेबाने चालली होती. तिच्या बाजूला सरकार पैसा ओतत होतं. २०१८ ला रेल्वे खारकोपरपर्यंत आली, जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी अटल सेतूही सुरू झाला आणि लोकल उरणलाही पोचली, आणि या नाताळात विमानं उडायला लागली. यातलं बिल्डरने काय केलं? पाया घातला, मजले चढवले, त्याची मजुरी त्याला मिळावीच. पण जमिनीचा जो भाव वाढला तो सेतूने, रुळांनी आणि धावपट्टीने वाढवला. त्यासाठी सगळ्यात आधी शेतं कुणी दिली? तुझ्या बाबांनी. १९८४ च्या जानेवारीत जासईला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या हाकेला तुझे काका धावले होते, पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के पदरात पडले. आणि तेही नावालाच साडेबारा, सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊच. त्या पावणेनऊचा भाव यायच्या वेळेला तुमच्याकडे धीर धरायला पैसा नव्हता. ज्याच्याकडे होता तो थांबला. तो बिल्डर काही तुझ्यापेक्षा हुशार नव्हता, जना. त्याच्या घरी बहिणीचं लग्न अडलेलं नव्हतं, एवढाच फरक.

१८ फेब्रुवारी २०१८ ला विमानतळाचं भूमिपूजन झालं, त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "ऐकलंस ना?" एवढंच म्हणालास आणि ठेवलास. त्यानंतर आपल्यात पाडव्याच्या शुभेच्छा आणि गणपतीचे फोटो. मी तेव्हा रागावलो होतो, की सही याने केली आणि दोष मला. आज पान अकरावर ती नावं वाचताना राग कुठे गेला कळलं नाही.

आता आकडे ऐक, म्हणजे माझ्या डोक्यात काय चाललंय ते कळेल. दोन बेडरूम, किंमत १ कोटी १० लाख. ओसी, म्हणजे इमारत पूर्ण झाल्याचा, राहायला जाण्याचा दाखला, आलेली नाही, म्हणून वर ५ टक्के जीएसटी. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३० हजार, पार्किंगचं ते वेगळं बोलतायत. ८५ लाखांचं कर्ज साडेसात टक्क्यांनी पंचवीस वर्षांसाठी धरलं तर हप्ता ६२ हजार ८०० च्या आसपास. दोघांचा मिळून हातात येणारा पगार सव्वा लाख. म्हणजे अर्धा पगार महिन्याच्या पाच तारखेला गेला. पंचवीस वर्षांत बँकेला एकूण १ कोटी ८८ लाख भरायचे. उरलेली रक्कम त्यांची शिल्लक आणि माझी ठेव मोडून.

बँकवाला म्हणतो, काका, व्याज उतरलंय, हीच वेळ. खरं आहे, रिझर्व्ह बँकेने गेल्या वर्षभरात रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आणला. पण विकासच्या भावाचं काय झालं ते मी जवळून पाहिलंय. त्याने नोव्हेंबर २०२१ ला ५० लाख घेतले, ६.७ टक्के, वीस वर्षं, हप्ता ३७ हजार ८७०. पुढे मे २०२२ पासून रेपो चढत गेला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत अडीच टक्के. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला, मुदत लांबवत नेली. तो खूश, की हप्ता वाढला नाही. मी त्याचं स्टेटमेंट मागवून बघितलं तर त्या हप्त्यातले जेमतेम चारशे रुपये मुद्दलात जात होते. चारशे! बाकी सगळं व्याज. वीस वर्षांचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं होतं. मग बायकोचे दागिने मोडून काही रक्कम एकदम भरली आणि हप्ता वाढवून घेतला. व्याज उतरतं तसं चढतंही, आणि पंचवीस वर्षांत ते किती वेळा चढेल?

आणि पगार? मानसी ऐरोलीला, विकास महापेला, दोघंही आयटीत. गेल्या जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हापासून विकास रात्री लॅपटॉप उघडून काहीतरी कोर्स करत बसतो. आपली कंपनी बंद झाली तेव्हा तुझ्यावर घराचा हप्ता नव्हता, माझ्यावर सिडकोचा होता पण तो पगाराच्या मानाने किरकोळ. ही मुलं उद्या घरी बसली तर ६२ हजार कुठून?

सिडकोची लॉटरीही बघितली. वाशीला ट्रक टर्मिनलवर ३२२ चौरस फुटांचं घर, अल्प उत्पन्न गटासाठी, २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेली किंमत ७४ लाख १० हजार. विकास म्हणाला, बाबा, अल्प उत्पन्न म्हणजे नक्की किती? मला उत्तर देता आलं नाही. सिडकोने आमच्या वडिलांना सेक्टर ९ मधलं घर दिलं तेव्हा ते कारकून होते. आज कारकुनाने वाशीत घर घेऊन दाखवावं.

परतीच्या लोकलसाठी बामणडोंगरीला थांबलो तोवर अंधार पडला होता. मी बाकावर बसून खिडक्या मोजल्या. समोरच्या तयार इमारतीत एका उभ्या ओळीत बावीस मजले, दिवे सातच. बाकीच्यांनी घेऊन ठेवलीत, भाव वाढायची वाट बघत. आणि माझी मुलगी राहायला घर मागतेय, तिला म्हणतात पाडव्याच्या आत टोकन द्या, नंतर रेट वाढणार. २००८ ला तुला घाई लावणारा आवाज तोच, फक्त तेव्हा "विका" होतं, आता "घ्या" आहे.

म्हणून मला झोप नाही. घर वाईट नाही, खरं सांगायचं तर चांगलं आहे, हवा खेळती, स्टेशन जवळ, मानसीचा चेहरा फुलला होता. पण मी तुला ते विकायला लावलं आणि माझी पोरगी त्यावर राहायला जाणार, हे तुला विचारल्याशिवाय माझ्या हातून होणार नाही. तू म्हणशील, वेड्या, मी नाहीतर दुसऱ्या कुणी विकलं असतं. असेल. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय, आणि "बरं" चालणार नाही.

तुझं काय चाललंय? हरेशची ट्रॅव्हल्सची गाडी लागली का विमानतळाला? सुनेला सातवा महिना ना? पेणला आता गणपतीच्या कारखान्यांचं काम सुरू झालं असेल. लोणच्याची बरणी मिळाली, संपलीसुद्धा.

आणि एक. मे १९९२ ला वाशी-मानखुर्द लोकल सुरू झाली तेव्हा आपण नुसते जाऊन-येऊन बसलो होतो, त्याची तिकिटं मी काढली होती. मीच. अजून तू कबूल करत नाहीस.

येत्या रविवारी ये. पनवेलपर्यंत एसटीने ये, पुढे लोकल आहे, मी दहा वाजता बामणडोंगरी स्टेशनच्या बाहेर थांबतो. देवळात जाऊ, मग ती जागा दाखवतो. टोकन अजून दिलेलं नाही, मानसीला रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. वहिनींना घेऊनच ये. या वेळी त्या "थांबूया" म्हणाल्या तर आम्ही थांबू.

तुझा,
शिऱ्या