बाळंतिणीचीही विचारपूस व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्तनपान सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या दैनिकात दर ऑगस्टमध्ये चांगले लेख येतात. चीक टाकून देऊ नका, सहा महिने बाळाला पाणीसुद्धा पाजू नका, हे आता खेड्यातल्या आज्याही सांगतात. त्याच पानावर दूध पाजणाऱ्या बाईच्या प्रकृतीलाही जागा मिळावी, यासाठी हे पत्र.

आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरताना एक गोष्ट सतत जाणवली. बाळंतिणीच्या प्रत्येक त्रासाला घरात उत्तर तयार असते. ताप आला तर 'दूध भरलंय', डोके दुखले तर 'वारं लागलं, कान बांध', रडली तर 'रडू नको, दूध आटेल'. यात दवाखाना लांबतो. तापाबरोबर अंगावरून दुर्गंधी स्राव जात असेल, तर तो गर्भाशयातला जंतुसंसर्ग असू शकतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजणे धोक्याचे. डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब लगेच तपासायला हवा. गरोदरपणात तो व्यवस्थित असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा त्रास होऊन झटके येऊ शकतात. एकाच पोटरीला सूज आणि कळा असतील तर मालिश करत बसू नये. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

पहिल्या आठवड्यात रडू येणे बऱ्याच जणींना होते. झोप आणि आधार मिळाला की ते ओसरते. दोन आठवडे उलटूनही मन लागत नसेल, बाळाकडे बघावेसे वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येते.

आळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी या आपल्या चालीरीती मला मनापासून आवडतात. पण पोट सुटेल म्हणून पाणी मोजून देणे आणि बाळाला बाधेल म्हणून डाळ, फळे बंद करणे थांबलेच पाहिजे. बंद खोलीतली धुरीही बाळाच्या छातीला वाईट. लोहाची गोळी प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायची असते, चहाबरोबर नाही. माहेराहून सासरी जाताना ती हमखास बंद पडते.

गावात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना नुसते बाळ दाखवून वाटेला लावू नये. बाळंतिणीला त्यांच्याशी थोडा वेळ एकटीने बोलू द्यावे. टाक्यांचे, अंगावरून जाण्याचे बोलणे चारचौघांत होत नाही. शहरातल्या सोसायट्यांमध्ये बहुधा कोणीच येत नाही. तिथे बाळाची सहा आठवड्यांची लस चुकत नाही, आईची तपासणी मात्र राहते. त्याच फेरीत तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टाके पाहून घ्यावेत.

आपण ही धोक्याची लक्षणे दोन्ही दूरध्वनी क्रमांकांसह ठळक अक्षरांत चौकटीत छापावीत, ही विनंती. कात्रण बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवर लावता येईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, वाई