वाकली दांडी, बदलायचा संपूर्ण संच?

महोदय,

रेडिओ लावताच आपोआप वर येणारी जुन्या मोटारीची अँटेनाची दांडी वाकली, की मुंबई नाक्यापासून नाशिक रोडपर्यंत बहुतेक गॅरेजांत मोटरसह संपूर्ण संचच बदलण्याचा सल्ला मिळतो. वास्तविक मोटर फिरल्याचा आवाज येत असेल, तर बहुधा दांडीला जोडलेली नायलॉनची दातेरी दोरीच तुटलेली असते. मडगार्डवरील नट काढून रेडिओ सुरू केल्यास जुनी दांडी बाहेर येते. नव्या दांडीची दोरी, दाते मोटरच्या गिअरकडे ठेवून, आत सरकवावी व रेडिओ बंद करावा, म्हणजे मोटर ती स्वतःच ओढून घेते. दोरीचा तुकडा आत अडकला असल्यास मात्र संच उघडावाच लागतो. आकाशवाणी ऐकण्यासाठी ग्राहकांना नाहक भुर्दंड पडू नये, म्हणून विक्रेत्यांनी सुटी दांडीही ठेवावी.

— एक वाचक, नाशिक रोड