खुर्ची मागा, पण आधी कारण मागा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा मिळालीच पाहिजे, असे ठणकावून सांगणारा आपला अग्रलेख वाचला. लोकसंख्या, अर्थव्यवस्था, शांतिसेनेत गेलेले भारतीय जवान या मुद्द्यांवर वाद घालण्यासारखे काही नाही. 1945 साली 51 देशांनी सुरू केलेली संघटना आज 193 देशांची झाली आणि नकाराधिकार, म्हणजे एकट्याने ठराव अडवण्याचा हक्क, मात्र पाच कायम सदस्यांकडेच राहिला, हेही खरेच. पण आपण त्या पाचांत सहावे होऊन बसलो की अन्याय संपला, असे अग्रलेख गृहीत धरतो. ते मला पटले नाही, आणि न पटण्याचे कारण थेट मुंबईशी निगडित आहे.

28 ऑक्टोबर 2022 रोजी सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची विशेष बैठक आपल्याकडे ताजमहाल हॉटेलात भरली होती. 26/11 च्या हल्लेखोरांना फोनवरून हुकूम सोडणाऱ्या साजिद मीरचा आवाज तिथे प्रतिनिधींना ऐकवला गेला. हल्ल्याचे सूत्रधार अजून मोकळे आहेत आणि राजकीय हिशेबांमुळे परिषदेला काही प्रकरणांत हालचाल करता आलेली नाही, हे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी पाहुण्यांच्या तोंडावर सांगितले. त्याच्या महिनाभर आधीच, सप्टेंबरमध्ये, या साजिद मीरला जागतिक दहशतवादी ठरवण्याच्या प्रस्तावावर चीनने ‘होल्ड’ लावला, म्हणजे तो तात्पुरता रोखून धरला होता. जून 2023 मध्ये चीनने तो प्रस्ताव पुरताच अडवला.

हा ‘होल्ड’ म्हणजे नकाराधिकार नव्हे, हे फारसे कुणी सांगत नाही. असे प्रस्ताव परिषदेच्या 1267 समितीपुढे, म्हणजे दहशतवाद्यांची निर्बंध-यादी ठरवणाऱ्या समितीपुढे, येतात. तिच्यात परिषदेचे पंधराही सदस्य असतात, बैठका बंद दाराआड होतात आणि निर्णय एकमताने होतो. त्यामुळे कायम असो वा दोन वर्षांसाठी निवडून आलेला, कोणताही एक सदस्य प्रकरण रोखू शकतो. जगाला कारण सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ‘जैश-ए-मोहम्मद’चा म्होरक्या मसूद अझरचे नाव वर्षानुवर्षे असेच अडले आणि 1 मे 2019 रोजी यादीत आले. ‘लष्कर-ए-तैयबा’च्या अब्दुल रहमान मक्कीचे नाव जून 2022 मध्ये अडले आणि जानेवारी 2023 मध्ये मंजूर झाले. मधल्या काळात असा कोणता नवा पुरावा मिळाला होता? अडवताना जसे कागदावर काही आले नाही, तसे सोडतानाही आले नाही.

मी सत्र न्यायालयात लघुलेखक होतो. निकालपत्राचा साचा हाताला बसलेला आहे: मुद्दे, निष्कर्ष आणि मग ‘कारणे’. पहिल्या दोन गोष्टी एका पानात आटोपतात, न्यायाधीशाचा घाम निघतो तो तिसऱ्या भागात. कसाबच्या खटल्यात हा भाग किती मोठा होता ते मुंबईकरांनी पाहिले आहे. ज्याला माणसे मारताना कॅमेऱ्याने टिपले होते, त्यालाही वकील दिला गेला. मे 2010 मध्ये आलेले निकालपत्र दीड हजारांहून अधिक पानांचे होते. याच निकालात दोघे भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयातही टिकली. 166 जीव गेलेल्या शहराने तीही मान्य केली. ‘कशाला एवढा खर्च’ म्हणून कुरकुर करणारे तेव्हा खूप होते, लोकलच्या डब्यात तर रोजच. पण निकाल खोटा आहे असे कुणी म्हटले नाही. अधिमान्यता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आपल्या राज्यघटनेच्या वाटचालीत कारणाला हे वजन आपोआप आलेले नाही. 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला आणि कारणे देण्यास सरकारने नकार दिला. जानेवारी 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, एखाद्याचे स्वातंत्र्य हिरावण्याची कार्यपद्धती न्याय्य हवी, मनमानी चालणार नाही. त्याआधी 1969 च्या क्रैपाक प्रकरणात जम्मू-काश्मीरचा एक वन अधिकारी स्वतः उमेदवार असूनही निवड मंडळावर बसला होता. स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो बाहेर गेला होता, तरीही न्यायालयाने ती निवड रद्द केली. आता न्यूयॉर्कमधल्या सुरक्षा परिषदेकडे पाहा. 25 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या ठरावावर मतदान झाले तेव्हा परिषदेच्या अध्यक्षपदी रशियाच होता आणि ठराव अडवणारे मतही रशियाचेच. वादातील पक्षाने मतदान करू नये असे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 27 व्या कलमात आहे, पण ते वाद शांततेने मिटवण्याच्या ठरावांपुरते. बळाचा वापर, निर्बंध असे गंभीर विषय आले की ते बंधन सुटते. (त्या दिवशी आपण तटस्थ राहिलो, हेही सांगून टाकतो.)

नकाराधिकार नसता तर बडी राष्ट्रे संघटनेत राहिलीच नसती, हा युक्तिवाद मी पोकळ मानत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघात अमेरिका आलीच नाही आणि जपान 1933 मध्ये उठून गेला. पण अडवण्याचा हक्क ठेवणे आणि अडवताना कारण लिहून देणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. एप्रिल 2022 पासून नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांत सर्व सदस्य देशांची आमसभा त्यावर चर्चा घेते. समितीतला ‘होल्ड’ मात्र या नियमातून सुटला आहे.

हे बदलणार कसे? 1267 समितीची नियमावलीही एकमतानेच बदलते, म्हणजे अडवणाराच पुन्हा अडवू शकतो. तरीही एकदा भिंतीला तडा गेला आहे, आणि तो राजदूतांमुळे गेलेला नाही. सौदी उद्योजक यासिन कादी यांचे नाव 2001 मध्ये या यादीत आले आणि काहीही ऐकून न घेता त्यांची मालमत्ता गोठवली गेली. 3 सप्टेंबर 2008 रोजी युरोपीय न्यायालयाने त्यांच्याबाबत युरोपने केलेला नियम रद्द ठरवला: आदेश सुरक्षा परिषदेचा असला तरी माणसाला आरोप कळले पाहिजेत, बाजू मांडता आली पाहिजे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2009 मध्ये, परिषदेला यादीतील लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमण्याचा ठराव करावा लागला. म्हणजे यादीत घातलेल्याला आज निदान एक दार आहे. यादीत यायला हवा तो बाहेर राहिला, तर मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना मात्र एकही दार नाही.

हे मागताना आपली बाजू स्वच्छ हवी. 2019 च्या दुरुस्तीनंतर ‘यूएपीए’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली केंद्र सरकार खटल्याआधीच एखाद्या व्यक्तीला दहशतवादी जाहीर करू शकते. नाव काढण्यासाठीचा अर्जही आधी सरकारकडेच करायचा, मग पुनर्विलोकन समिती. पहिल्या चार नावांत मसूद अझर आणि हाफिज सईद होते, तेव्हा कुणाला वाईट वाटण्याचा प्रश्न नव्हता. पण कायदा पहिल्या चार नावांपुरता नसतो.

शिवाय अग्रलेखाने एक गोष्ट वगळली. भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान हा गट नकाराधिकाराच्या विरोधात नाही. तो मिळावा, फक्त पंधरा वर्षे वापरणार नाही, अशी त्यांची तयारी आहे. सोळाव्या वर्षी आपणही कारण न देता नकारार्थी मान हलवणार असू, तर साजिद मीरवरून चीनला जाब विचारण्याचा आपला हक्क कितपत उरतो?

2028-29 या कार्यकाळातील तात्पुरत्या सदस्यत्वासाठी भारताने उमेदवारी जाहीर केलेली आहे. निवडून आल्यास 1267 समितीत प्रत्येक आक्षेपाचे कारण आम्ही लेखी आणि जाहीर देऊ, असे वचन भारत प्रचारातच देऊ शकतो. त्याला सनदेची दुरुस्ती लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. असे वचन देणार का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या पुढच्या पत्रकार परिषदेत आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने विचारावे आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक,
गिरगाव, मुंबई